कोंडलेला कण आणि त्याचा जमाखर्च

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे खाडीवरील पूल १९७३ साली खुला झाला. त्या काळात खाडीच्या या बाजूला शहर जवळजवळ नव्हतेच. अशा वेळी ज्या वडीलधाऱ्यांनी येथे धर्मकार्याचा पाया घातला, त्यांचे पुण्यस्मरण करून मी माझ्या विषयास प्रारंभ करतो.

व्याख्यानमालेसाठी 'जैन तत्त्वज्ञान आणि आधुनिक विज्ञान' असा विशाल विषय समितीने योजिला आहे. त्याचा संपूर्ण परामर्श घेणे हे विद्वानांचे काम होय. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्य कापडाच्या व्यापारात गेले. तथापि स्वाध्यायाला येणारी आपली तरुण मंडळी परमाणूचे प्रकरण आले की नेमके प्रश्न विचारतात, आणि त्यांना उत्तर देण्याच्या निमित्ताने मी या विषयाचे जे वाचन केले, त्यातील एकच लहानसा भाग आज आपल्यापुढे ठेवणार आहे. प्रश्न असा : एखादा अतिसूक्ष्म कण लहानशा पेटीत कोंडून ठेवला, त्यावर आत कोणतेही बल लावले नाही, तर तो शांत बसेल काय?

आधुनिक भौतिकशास्त्राचे उत्तर 'नाही' असे आहे. इतकेच नव्हे, तर पेटी जितकी लहान करावी तितकी त्या कणाची गतिज ऊर्जा, म्हणजे गतीमुळे असणारी ऊर्जा, वाढत जाते. कोंडण्याची एक किंमत असते आणि ती गतीच्या रूपाने मोजावी लागते. ही किंमत नेमकी किती, याचा हिशेब मांडता येतो. म्हणूनच एका व्यापाऱ्याला या विषयाची गोडी लागली.

पेटी आणि तार

फ्रान्सचे लुई द ब्रॉय यांनी १९२४ साली असा विचार मांडला की, प्रत्येक कणाला तरंगाचे अंगही असते. कणाचा संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, जितका मोठा तितकी त्या तरंगाची लांबी कमी. १९२६ साली एर्विन श्रोडिंगर यांनी या तरंगाचे गणित सिद्ध केले. पेटीतल्या कणाचा हिशेब हे त्या गणिताचे सर्वांत सोपे उदाहरण होय. पदवी वर्गातील विद्यार्थी आजही तेथूनच आरंभ करतात.

तानपुऱ्याची तार डोळ्यांपुढे आणावी. तिची दोन्ही टोके पक्की बांधलेली असतात. ती छेडली असता मधला भाग हलतो, टोके हलत नाहीत. त्यामुळे तारेवर एक फुगवटा येईल, दोन येतील, तीन येतील. परंतु दीड किंवा पावणेदोन येणार नाहीत. पेटीतल्या कणाचा तरंगही असाच भिंतींपाशी शून्य होतो आणि त्याचेही पूर्ण फुगवटेच मोजावे लागतात. म्हणून कणाची ऊर्जा वाटेल ती असू शकत नाही. तिच्या ठरावीक पायऱ्या पडतात. पहिल्या पायरीची ऊर्जा एक मानली, तर पुढील पायऱ्या चार, नऊ, सोळा, पंचवीस अशा वर्गसंख्यांनी चढतात.

शून्याची पायरी मात्र या जिन्याला नाही. फुगवटे शून्य म्हणजे तरंगच नाही, आणि तरंग नाही म्हणजे पेटीत कण नाही. कण आत असेल तर किमान एक फुगवटा हवाच, आणि तेवढी ऊर्जा त्याच्यापाशी असणारच. पेटीच्या आत कोणतेही बल नसल्यामुळे ही सर्व ऊर्जा गतिजच असते. व्हेर्नर हायझेनबर्ग यांचे १९२७ सालचे अनिश्चिततेचे तत्त्व हीच गोष्ट निराळ्या शब्दांत सांगते : कणाची जागा जितकी नेमकी ठरवावी, तितका त्याच्या संवेगाचा नेमकेपणा सुटतो.

पेटी निम्मी केली की फुगवटा निम्म्या लांबीत बसवावा लागतो. संवेग दुप्पट होतो आणि गतिज ऊर्जा चौपट. पेटी एक तृतीयांश केली तर ऊर्जा नऊपट. या व्याख्यानातील पुढील सर्व गोष्टी या एका नियमाच्या आधारावर उभ्या आहेत. तो कृपया लक्षात ठेवावा.

आकड्यांची भाषा

आता थोडे आकडे पाहू. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. आपल्या सुती कापडातील कापसाचा एक तंतू सुमारे १५ हजार नॅनोमीटर जाड असतो. ऊर्जेसाठी इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे माप वापरतात. एका व्होल्टच्या दाबाने इलेक्ट्रॉनला जेवढी ऊर्जा मिळते तेवढे हे माप. घड्याळातील साधा सेल दीड व्होल्टचा असतो, यावरून त्याची कल्पना यावी.

एक नॅनोमीटर लांबीच्या पेटीत इलेक्ट्रॉन कोंडला, तर त्याची किमान गतिज ऊर्जा ०.३८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु इलेक्ट्रॉन अत्यंत हलका असल्यामुळे एवढ्या ऊर्जेला सेकंदाला सुमारे ३६० किलोमीटर वेग लागतो. वाशीहून निघून एका सेकंदात कोल्हापूरच्या आसपास पोहोचावे, असा हा वेग आहे.

मग आपल्या कपाटातील डब्यात ठेवलेले बटण का धावत नाही? तेही कोंडलेलेच आहे. एक ग्रॅम वजनाचे बटण दहा सेंटिमीटरच्या डब्यात आहे असे धरून तोच हिशेब केला, तर वेग इतका कमी येतो की, विश्वाच्या आजवरच्या सुमारे १३८० कोटी वर्षांत ते बटण एका अणूच्या रुंदीचा जेमतेम शंभरावा भाग सरकले असते. नियम दोघांनाही एकच आहे. वस्तुमान मोठे आणि पेटी मोठी असेल तर त्याचा परिणाम कोणत्याही उपकरणाला दिसत नाही, एवढाच फरक. हा मुद्दा मी शेवटी पुन्हा घेणार आहे, कारण आजकाल याच्या नावावर बाजारात बरेच काही विकले जाते.

अणूचा जमाखर्च

पहिले व्यावहारिक फळ म्हणजे अणूचा आकार. हायड्रोजनच्या अणूत मध्यभागी एक प्रोटॉन आणि त्याच्याभोवती एक इलेक्ट्रॉन असतो. दोघांमध्ये विद्युत आकर्षण आहे. मग इलेक्ट्रॉन ओढला जाऊन प्रोटॉनवर का पडत नाही? तो पडला असता तर अणूला आकार उरला नसता. आपण, हे सभागृह, मंदिराची शिला, सर्व काही एका ठिपक्यात गोळा झाले असते.

याचे उत्तर वहीत मांडून पाहावे. आकर्षणामुळे जी ऊर्जा मिळते ती जमेची बाजू. इलेक्ट्रॉनला जवळ कोंडल्यामुळे जी गतिज ऊर्जा द्यावी लागते ती खर्चाची बाजू. जमेतून खर्च वजा जाता जी शिल्लक उरते, तेवढा तो इलेक्ट्रॉन घट्ट बांधलेला. निसर्ग सर्वांत मोठी शिल्लक शोधतो.

हायड्रोजनच्या नेहमीच्या आकाराला जमा २७.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, खर्च १३.६, शिल्लक १३.६. आता इलेक्ट्रॉनचा पसारा दुप्पट होऊ द्या. अंतर दुप्पट झाल्याने जमा निम्मी, १३.६, खर्च मात्र एक चतुर्थांश, ३.४, शिल्लक १०.२. म्हणजे तोटा झाला. उलट पसारा निम्मा करून पाहू. जमा दुप्पट होऊन ५४.४ झाली, परंतु खर्च चौपट झाला, तोही ५४.४. शिल्लक शून्य!

जवळ येण्याने जमा दुपटीने वाढते आणि खर्च चौपटीने. म्हणून एका मर्यादेपलीकडे जवळ जाणे परवडत नाही. ती मर्यादा म्हणजेच अणूचा आकार. एखादा व्यापारी दुकान वाढवता वाढवता जेथे नफा घटू लागतो तेथे थांबतो, तसाच हा प्रकार आहे. आपण एखाद्या भिंतीवर हात टेकतो तेव्हा तो आत शिरत नाही, यामागेही कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांचा हाच वाढता खर्च मोठा वाटेकरी असतो.

खाडीच्या पलीकडे ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तेथील 'अप्सरा' ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. तेथे ज्या अणुकेंद्रकाचा अभ्यास चालतो ते अणूच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढे असते. एवढ्या लहान पेटीत प्रोटॉन कोंडला तर त्याची किमान गतिज ऊर्जा सुमारे २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. लाकूड किंवा कोळसा जळताना प्रत्येक अणूमागे मोजकेच इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात. केंद्रकाचे व्यवहार मात्र लाखांत आणि कोटींत होतात. यामागे इतरही कारणे आहेत, परंतु पेटीच्या आकाराचे कारण त्यांत प्रमुख आहे.

वस्त्राचा रंग

आता माझ्या दुकानातील विषयाकडे येतो. गिऱ्हाईक विचारते, 'रंग पक्का आहे ना?' पण रंग म्हणजे काय?

अनेक रंगद्रव्यांच्या रेणूंत कार्बनच्या अणूंची एक साखळी असते आणि तिच्यात एकेरी व दुहेरी बंध आलटून पालटून येतात. अशा साखळीतील काही इलेक्ट्रॉन एका अणूला चिकटून राहत नाहीत. साखळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांचा वावर असतो. साखळी हीच त्यांची पेटी. स्विस रसायनशास्त्रज्ञ हान्स कून यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस हा साधा पेटीचा हिशेब रंगद्रव्यांना लावून पाहिला, आणि सायानिन नावाच्या रंगांच्या कुळात तो चांगला जुळला.

या हिशेबाला आणखी एक नियम लागतो. वोल्फगँग पाउली यांनी १९२५ साली सांगितले की, एका पायरीवर दोनपेक्षा अधिक इलेक्ट्रॉन बसू शकत नाहीत. म्हणजे आठ इलेक्ट्रॉन असतील तर खालच्या चार पायऱ्या भरतात. प्रकाश पडला की चौथ्या पायरीवरचा इलेक्ट्रॉन पाचवीवर उडी घेतो आणि त्या उडीला लागणारी ऊर्जा प्रकाशातून घेतो. प्रकाशाचा तेवढा भाग शोषला जातो. उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो, आणि त्याला आपण रंग म्हणतो. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात तांबड्याची ऊर्जा सर्वांत कमी, सुमारे १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, जांभळ्याची सर्वांत अधिक, सुमारे ३.१.

एक ढोबळ उदाहरण घेऊ. पेटी १.०६ नॅनोमीटरची, इलेक्ट्रॉन आठ. उडी ३.० इलेक्ट्रॉन-व्होल्टची येते. जांभळा प्रकाश शोषला जातो आणि वस्तू पिवळी दिसते. साखळीत दोन कार्बन वाढवले, पेटी १.३३ नॅनोमीटर, इलेक्ट्रॉन दहा. उडी २.३. हिरवा प्रकाश शोषला जातो आणि वस्तू किरमिजी दिसते. आणखी दोन कार्बन वाढवले, पेटी १.६०, इलेक्ट्रॉन बारा. उडी १.९. तांबडा प्रकाश शोषला जातो आणि वस्तू निळी दिसते. पिवळ्यापासून निळ्यापर्यंतचा हा सारा प्रवास अर्ध्या नॅनोमीटरहून थोड्या अधिक फरकात झाला. प्रत्यक्षातील रंगद्रव्ये एवढी सरळ नसतात. त्यांत कडी असतात, नत्र व प्राणवायूचे अणू असतात आणि हिशेबात दुरुस्त्या कराव्या लागतात. परंतु दिशा हीच राहते.

भोजनातील उदाहरण हवे असेल तर बीटा-कॅरोटीनचे घ्या. त्याचे नाव पुस्तकांत गाजराबरोबर येते. आपल्याकडे कंदमूळ वर्ज्य, म्हणून पिकलेल्या आंब्याचे उदाहरण घेऊ. आंब्याच्या केशरी रंगात याचा वाटा आहे. टोमॅटोच्या लाल रंगाचे द्रव्य लायकोपीन. दोन्ही रेणूंच्या साखळीत अकराच दुहेरी बंध असतात. परंतु लायकोपीनमध्ये ते अकराही सरळ रेषेत आहेत, तर बीटा-कॅरोटीनमध्ये टोकाचे दोन बंध कड्यांत अडकून थोडे पिळले गेले आहेत. त्यामुळे इलेक्ट्रॉनांना मिळणारी जागा किंचित आखूड होते, उडी किंचित मोठी होते, आणि लाल ऐवजी केशरी रंग दिसतो.

यावरून रंग उडणे म्हणजे काय तेही समजते. ब्लीच किंवा कडक ऊन या साखळीला मध्येच तोडते. एका लांब पेटीच्या दोन आखूड पेट्या होतात, उडी मोठी होते, आणि शोषला जाणारा प्रकाश डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील भागात जातो. रेणूचे तुकडे कापडावर राहिले तरी रंग दिसेनासा होतो.

या विद्येची एक मोठी परंपरा आपल्या मुंबईत आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला, तोच पुढे यूडीसीटी म्हणून प्रसिद्ध झाला आणि आज माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखला जातो. वस्त्ररसायन हा तेथील आरंभापासूनचा विषय. गिरण्यांच्या या शहराला त्याची गरजच होती. त्या विभागाचे प्रमुख राहिलेले प्रा. के. वेंकटरामन यांचा कृत्रिम रंगद्रव्यांवरील ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे त्याचे अनेक खंड निघाले. जगभर तो प्रमाण मानला गेला. १९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

अलीकडे या तत्त्वाचा आणखी सरळ पुरावा पुढे आला. कॅडमियम सेलेनाइडसारख्या एकाच पदार्थाचे काही नॅनोमीटर आकाराचे कण केले, तर लहान कण निळा आणि मोठे कण तांबडा प्रकाश देतात. पदार्थ तोच, केवळ पेटीचा आकार बदलला. अशा 'क्वांटम डॉट'च्या शोधासाठी आणि निर्मितीसाठी मौंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात डॉ. सुलभा कुलकर्णी यांनी नॅनोकणांवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. उंची दूरचित्रवाणी संचांच्या पडद्यांत आज हे कण वापरले जातात.

मुंबईहून निघालेला विद्यार्थी

हाच खर्च ताऱ्यांनाही चुकत नाही. ३१ जुलै १९३० रोजी मुंबई बंदरातून एका आगबोटीने सुब्रह्मण्यन चंद्रशेखर नावाचा एकोणीस वर्षांचा मद्रासचा विद्यार्थी केंब्रिजला निघाला. प्रवासात त्याने श्वेत बटू ताऱ्यांचा हिशेब केला.

व्याध ताऱ्याचा सोबती हा असाच एक श्वेत बटू. त्याचे वस्तुमान सूर्याएवढे, पण आकार पृथ्वीएवढा. त्याच्या द्रव्याच्या एका घनसेंटिमीटरचे वजन टनांत मोजावे लागते. इंधन संपलेल्या अशा ताऱ्याला गुरुत्वाकर्षण आत दाबते, पण तो कोसळत नाही. कारण प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या वाट्याला आलेली जागा अतिशय लहान होते, आणि लहान पेटीतील इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा त्या दाबाला विरोध करते. हे राल्फ फाउलर यांनी १९२६ साली दाखवले होते. तारा निम्मा झाला की गुरुत्वाकर्षणाची जमा दुप्पट, इलेक्ट्रॉनांचा खर्च चौपट. हायड्रोजनचाच जमाखर्च येथे ताऱ्याच्या वहीत लिहिलेला आढळतो.

चंद्रशेखर यांच्या लक्षात आले की, दाब फार वाढला म्हणजे इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जातो, आणि मग पेटी निम्मी केल्यावर ऊर्जा चौपट न होता केवळ दुप्पट होते. जमाही दुप्पट, खर्चही दुप्पट. मग तोल साधण्याचे साधनच उरत नाही. म्हणून सूर्याच्या सुमारे १.४ पटीहून अधिक वस्तुमानाचा श्वेत बटू टिकू शकत नाही. ही चंद्रशेखर मर्यादा. या कार्यासह ताऱ्यांच्या रचनेवरील संशोधनासाठी त्यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आरंभी त्यांच्या निष्कर्षाला ज्येष्ठांचा विरोध झाला. पण हिशेब बरोबर होता, आणि तो टिकला.

दृष्टांत आणि प्रमाण

आता या सर्वांचा आपल्या शास्त्राशी काय संबंध, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल. आपल्या सभांतून 'विज्ञानाने आता आपले शास्त्र सिद्ध केले' हे वाक्य वारंवार ऐकू येते. ऐकणाऱ्याला आनंद होतो. परंतु महाविद्यालयात शिकणारा आपलाच नातू ते वाक्य ऐकून गप्प बसतो, आणि पुढच्या रविवारी स्वाध्यायाला येत नाही. माझ्या दृष्टीने ही हानी लहान नाही.

म्हणून काही गोष्टी स्पष्ट बोललेल्या बऱ्या. पाठ्यपुस्तकातील अणू म्हणजे आपला पुद्गल परमाणू नव्हे. ज्याचे विभाजन होते तो आपल्या परिभाषेत स्कंधच. तत्त्वार्थसूत्रात बंधाचे कारण म्हणून स्निग्धत्व आणि रूक्षत्व सांगितले आहे. त्याला धन आणि ऋण विद्युतभार म्हणणे हा आपण मागाहून लावलेला अर्थ होय. सूक्ष्म परिणमनामुळे आकाशाच्या एका प्रदेशात अनंत परमाणू अवगाहन करू शकतात, असे आचार्यांनी म्हटले आहे. उलट पाउलींचा नियम एका पायरीवर तिसऱ्या इलेक्ट्रॉनला जागा देत नाही. या दोन विधानांचा विषय एक नाही, त्यांची साधने एक नाहीत. त्यांना ओढून एका दोरीत बांधण्याचे कारण नाही, आणि एकावरून दुसऱ्याला खोटे ठरवण्याचेही नाही.

मग संवाद होऊच शकत नाही काय? होऊ शकतो, आणि तो कसा करावा याचा आदर्श आपल्यापुढे आहे. डॉ. दौलतसिंह कोठारी यांचा जन्म १९०६ साली उदयपूरच्या जैन कुटुंबात झाला. शिक्षण आयोगाचे अध्यक्ष म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु ते प्रथम भौतिकशास्त्रज्ञ होते, आणि अतिशय दाबलेल्या द्रव्याचे व श्वेत बटूंचे गणित हाच त्यांचा संशोधनाचा विषय होता. म्हणजे आज आपण ज्या विषयावर बोलत आहोत, तोच. नील्स बोर यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९८५ साली निघालेल्या ग्रंथात त्यांनी बोर यांचे पूरकतेचे तत्त्व आणि पौर्वात्य विचार यांवर लेख लिहिला व त्यात स्याद्वादाची चर्चा केली. गणिताच्या जागी गणित आणि दर्शनाच्या जागी दर्शन ठेवूनही दोहोंचा एकमेकांशी संवाद घडवता येतो, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

त्याच वाटेने मी एक उदाहरण ठेवतो. पेटीतील कण पहिल्या पायरीवर आहे. त्याची गतिज ऊर्जा शून्य नाही, म्हणून त्या अपेक्षेने तो गतिमान आहे. परंतु तो कोठे सापडण्याची शक्यता किती, याचा नकाशा काढला तर तो नकाशा काळानुसार मुळीच बदलत नाही; त्या अपेक्षेने तो स्थिर आहे. 'गतिमान' आणि 'स्थिर' ही दोन्ही विधाने खरी आहेत, आणि कोणत्या अपेक्षेने ते न सांगितल्यास दोन्ही अपुरी आहेत. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे, तर 'एका निश्चित अपेक्षेने', हे तरुणांना समजावून सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला मिळाले नाही. पण हा दृष्टांत आहे. तो प्रमाण नव्हे. दृष्टांताने अर्थ उजळतो, सिद्धता होत नाही, हे आपल्या न्यायशास्त्रानेच शिकवले आहे.

'कोंडलेला कण अशांत होतो, तसा परिग्रहात कोंडलेला जीव अशांत होतो', असेही कोणी म्हणेल. दृष्टांत म्हणून ते गोड आहे, प्रवचनात शोभेल. परंतु अपरिग्रहाला इलेक्ट्रॉनच्या दाखल्याची आवश्यकता नाही.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपक व्यवहार हे दोन अतिचार सांगितले आहेत. खोटे माप वापरणे आणि अस्सलाच्या नावाखाली नक्कल विकणे. आपण बहुतांश व्यापारी समाज. गज आणि तागडी यांच्या बाबतीत आपण हे कटाक्षाने पाळतो. पावशेर पुरावा देऊन किलोचा निष्कर्ष पदरात घालणे, हेही मला खोटे मापच वाटते.

असा खोट्या मापाचा व्यवहार बाजारात उघड चालला आहे. 'क्वांटम ऊर्जे'ची लॉकेटे, पट्ट्या, चकत्या ज्येष्ठांना हजारो रुपयांना विकल्या जातात. बटणाचा हिशेब आपण पाहिलाच. लॉकेटाएवढ्या वस्तूत हा परिणाम कोणत्याही उपकरणाला सापडणार नाही, मग शरीराला तो काय लाभ देणार? कोणी सांगते की, कणाची किमान ऊर्जा कधी संपत नाही, ती आम्ही काढून देतो. पण ती किमान आहे, म्हणजे तिच्याखाली पायरीच नाही. कण खाली उतरणार नाही, तर ऊर्जा सुटेल कोठून? ट्रस्टच्या ध्रुवफंडाला हात लावता येत नाही, तशी ही रक्कम आहे. वहीत दिसते, पण खर्चाला मिळत नाही. शिवाय डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने अशा काही लॉकेटांत व पट्ट्यांत किरणोत्सर्गी द्रव्य आढळल्याचे सांगून ती न वापरण्याचा इशारा दिला होता. घरातील वडीलधाऱ्यांना ही माहिती अवश्य द्यावी.

सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवून मी थांबतो. आपल्या पाठशाळेत परमाणू आणि पुद्गल यांचे प्रकरण शिकवले जाईल त्या दिवशी विज्ञान शाखेच्या एखाद्या विद्यार्थ्यालाही फळ्यापाशी बोलवावे. पंडितजींनी शास्त्र सांगावे, विद्यार्थ्याने हिशेब मांडावा. दोघांच्या वह्या वेगळ्या असाव्यात आणि दोन्ही उघड्या असाव्यात. जेथे जुळते तेथे जुळते म्हणावे, जेथे जुळत नाही तेथे जुळत नाही म्हणावे. असे स्पष्ट बोलणे ऐकलेला मुलगा पुढच्या रविवारीही येईल, असा मला विश्वास वाटतो.